मान हिरवी असलेला टोमॅटो

बाबा टोमॅटो घेताना आधी देठाकडची बाजू बघतात. अजूनही बघतात, ८४ वर्षांचे झालेत तरी. आम्ही शिवडीला राहायचो, बाबा गोदीत कामाला, आणि रविवारी सकाळी भाजीला जाताना ते मला बरोबर न्यायचे. सगळीकडून सारखा लाल, चकचकीत टोमॅटो ते हातात घेऊन परत ठेवायचे आणि ढिगाच्या खालून एखादा वेडावाकडा, देठाभोवती हिरवट पट्टा राहिलेला शोधून काढायचे. भाजीवाली म्हणायची, अहो दादा तो कच्चा आहे. बाबा म्हणायचे, "कच्चा नाय तो, मान हिरवी आहे त्याची. हाच गोड लागतो."

घरी आलो की त्यातला एक टोमॅटो लगेच चिरला जायचा. तळहातावर चिमूटभर मीठ घ्यायचं, फोड त्यात टेकवायची आणि खायची, बस. बाकीचे आईच्या साराला जायचे.

बाबांचं गाव जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावपासून जवळ. आज नारायणगावचा टोमॅटो बाजार सगळ्यांना माहितीय, हंगामात क्रेटनं भरलेल्या गाड्यांची रांग लागते, पण बाबांच्या लहानपणी घरामागं खाण्यापुरती चार झाडं असायची आणि आजी त्याला टोमॅटो म्हणायचीच नाही, बेलवांगी म्हणायची. बी ती राखेत घोळवून फडक्यात बांधून ठेवायची. हे सगळं मी बाबांकडून इतक्या वेळा ऐकलंय की ती फडक्याची पुरचुंडी मी स्वतः बघितलीय असं वाटतं.

आता आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, तिसरा मजला, आणि हॉलच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे, साधारण सात फूट लांब आणि दोन फूट बाहेर आलेली. माझी सगळी बाग म्हणजे ही ग्रिल. आधी तुळस, गवती चहा, कढीपत्ता असं नेहमीचं होतं. टोमॅटोचं खूळ डोक्यात शिरलं ते सनगोल्डमुळे.

सनगोल्ड म्हणजे छोटा, गोटीएवढा, केशरी रंगाचा चेरी टोमॅटो. जपानमधल्या टोकिता नावाच्या बियाण्याच्या कंपनीनं तो तयार केला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाहेर आला, तेव्हापासून घरी टोमॅटो लावणारे जगभरातले लोक त्याचं नाव घेतात. एका मैत्रिणीनं तिच्या झाडाचे चार दाणे डबीतून आणून दिले आणि पहिला दाणा तोंडात फुटला तेव्हा मला पटकन कळेचना की हे फळ खातेय की भाजी. साध्या टोमॅटोच्या रसात गोडीचं माप, ज्याला ब्रिक्स म्हणतात, ते साधारण चार-पाच असतं, आणि असल्या चांगल्या चेरीत आठ-नऊ-दहापर्यंत जातं, म्हणजे जवळपास दुप्पट. मी त्याच रात्री दहा बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलं, महाग होतं, पण मागवलं.

पहिल्या चार बिया मी जूनमध्ये लावल्या. पाऊस आला की झाडं लावायची हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना. रोपं वर आली, वीतभर झाली, आणि जुलैच्या त्या आठवडाभर न थांबणाऱ्या पावसात खालच्या पानांवर तपकिरी गोल गोल डाग, मग पिवळं, मग सगळंच काळं. करपा. दोन झाडं तग धरून राहिली, त्यांना फुलंही आली आणि सगळी गळून गेली. मला खरंच रडू आलं होतं, कारण त्या फुलांकडे मी रोज सकाळी चहा घेऊन बघत बसायचे.

मग वाचायला लागले आणि कळलं की चूक झाडाची नाही, वेळेची आहे. टोमॅटोला रात्र थंड लागते. रात्रीचं तापमान एकवीस-बावीसच्या वर राहिलं की फूल येतं पण फळ धरत नाही, परागकणच नीट तयार होत नाहीत, आणि आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीसुद्धा पारा चोवीस-पंचविसाच्या आसपासच राहतो. त्यात दमट हवेनं असलेले परागकणही चिकटून बसतात. मुंबईला टोमॅटोची अशी एकच खिडकी मिळते, नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, जेव्हा पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं. जानेवारीत सांताक्रूझचं किमान तापमान सोळा-सतराला येतं, आमच्या मुलुंडला डोंगराच्या बाजूला अजून थोडं कमी लागतं. तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ही मला कोणी सांगितली नव्हती, वर्षभर ग्रिलमध्ये बघून समजली. आमची खिडकी दक्षिणेला. मुंबई १९ अंशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे तेव्हा माझ्या ग्रिलमध्ये थेट ऊन पडतच नाही. दसऱ्यानंतर तो हळूहळू खाली कलतो आणि डिसेंबरमध्ये सहा-सात तास ऊन आत येतं, हॉलच्या फरशीवर ग्रिलच्या सळ्यांची सावली पडते. म्हणजे ज्या महिन्यांत टोमॅटोला रात्र हवी तशी मिळते, नेमक्या त्याच महिन्यांत माझ्या खिडकीला ऊन मिळतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

तेव्हापासून माझं वेळापत्रक सणांवर बसवलंय. घटस्थापनेला आपण घटाखाली धान्य पेरतो, त्याच दिवशी मी बाजूला एका कपात टोमॅटोचं बी टाकते. दिवाळीच्या आसपास रोप मोठ्या डब्यात जातं आणि संक्रांतीला पहिला दाणा खुडायला येतो, दोन-चार दिवस इकडेतिकडे.

डबा म्हणजे रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा, बुडाला भोकं पाडलेला. नुसती माती भरली तर ग्रिलला वजन पेलणार नाही, म्हणून खाली रसवंतीवाल्याकडून आणलेलं उसाचं चिपाड वाळवून, बारीक करून अर्ध्यापर्यंत भरते, वर शेणखत, कोकोपीट, थोडी लाल माती आणि मूठभर निंबोळी पेंड. चिपाड कुजत जातं तसा डबा खाली बसतो, मग वरून परत भर घालायची. ही कल्पना माझी नाही, मुंबईत गच्चीवर भाजी करणारे लोक कितीतरी वर्षं असं करत आलेत. बाबांच्या गोदीतच, म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर, प्रीती पाटील यांनी २००२ साली किचनमधल्याच ओल्या कचऱ्यातून माती करून बाग उभी केली. बाबा तोपर्यंत रिटायर झाले होते, पण त्याच किचनचं जेवण त्यांनी वर्षानुवर्षं खाल्लेलं, त्यामुळे ही गोष्ट मी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावली.

उरलेल्या सहा बियांमधून त्या थंडीत चार झाडं उभी राहिली आणि सनगोल्ड मला मिळाला. हे झाड थांबतच नाही, सात-आठ फूट सहज जातं, सुतळीनं ग्रिलला बांधत बांधत वर न्यायचं. पानाच्या बगलेतून जी फूट येते ती काढायची, शेतकरी त्याला बगलफूट म्हणतात. पण मी सगळी काढत नाही, आणि पानं तर अजिबात ओरबाडत नाही, कारण फळातली बहुतेक साखर पानांतच बनते. लोक फळाला ऊन लागावं म्हणून पानं तोडतात, मला ते बघवत नाही.

फुलांचं एक सांगायचं राहिलं. टोमॅटोचे पराग एका बारीक नळीत बंद असतात आणि ती नळी थरथरली की मिठासारखे बाहेर सांडतात. साध्या मधमाशीला ते जमत नाही. आपल्याकडचा काळा भुंगा आणि ती निळ्या पट्ट्यांची छोटी माशी असते ना, ती, या दोघी फुलाला लटकून अंगाचा असा काही घुंऽऽ आवाज करतात की पराग आपोआप पडतात. आमच्या मागे नॅशनल पार्कचे डोंगर असल्यामुळे सकाळी नऊ-दहाला भुंगा येतो कधीकधी, येतोच असं नाही. तो आला नाही तर मी फुलाच्या देठावर मागून बोटानं हलकी टिचकी मारते. बॅटरीचा टूथब्रश लावला तर अजून छान होतं, पण टिचकीनं भागतं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी पहिला केशरी दाणा बाबांना दिला, कारण एवढा सगळा खटाटोप मी मनात त्यांच्यासाठीच करत होते. त्यांनी आधी देठाकडं बघितलं. मग मीठ मागितलं. खाल्ला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि म्हणाले, "गोड आहे गं पोरी. लई गोड. पण ह्यात आंबट कुठंय?"

मला खूप लागलं ते. मी म्हटलं, बाबा, जगातला सगळ्यात गोड टोमॅटो म्हणतात याला. ते म्हणाले, "असंल. साखर खाल्ल्यावाणी वाटतं."

त्या रात्री मी स्वतः पुन्हा दोन दाणे खाल्ले, डोळे मिटून, नीट. खरं सांगायचं तर त्यात आंबटपणा आहे, पण पूर्ण केशरी होऊ दिला की कमी होतो, आणि मी तो गोड व्हावा म्हणून जास्तच दिवस झाडावर ठेवला होता. बाबांचं म्हणणं चूक नव्हतं. मी इतके दिवस एका आकड्याच्या मागे होते, गोडीच्या, आणि बाबा शिवडीच्या त्या फोडीची चव शोधत होते, ज्यात गोड, आंबट आणि वास तिन्ही एकदम यायचं.

मग त्या हिरव्या मानेबद्दल शोधलं. आणि सापडलं! गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात टोमॅटोची जात सुधारणाऱ्यांना एक झाड मिळालं ज्याची कच्ची फळं सगळीकडून एकसारखी फिकट हिरवी असायची आणि पिकतानाही एकसारखी लाल व्हायची. तोडा कधी करायचा ते ठरवणं सोपं आणि बाजारात दिसायलाही छान, म्हणून तो गुण हळूहळू बाजारातल्या बहुतेक जातींत आणला गेला. २०१२ साली अ‍ॅन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की तो एकसारखेपणा म्हणजे मुळात एक बिघडलेलं जनुक आहे. ते जनुक चांगलं असलं की कच्च्या फळात, विशेषतः देठाकडे, हरितद्रव्य जास्त असतं आणि फळ पानासारखं स्वतःही थोडी साखर करतं. ते बिघडलं की हिरवी मान गेली आणि तिच्याबरोबर थोडी साखरही गेली.

मी हे मराठीत सांगत सांगत बाबांना वाचून दाखवलं. बाबा नुस्तं "मग?" म्हणाले. त्यांच्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं.

वासाचंही तसंच. फ्लोरिडा विद्यापीठात हॅरी क्ली यांच्या टीमनं टोमॅटोच्या चवीवर वर्षानुवर्षं काम केलंय. गोडी नुसती साखरेची नसते, फळातल्या काही सुवासिक द्रव्यांमुळे आपल्याला तेच फळ जास्त गोड लागतं. आणि २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की पिकलेला टोमॅटो आठवडाभर पाच अंशाच्या थंडीत ठेवला तर साखर तेवढीच राहते पण वास निघून जातो आणि बाहेर काढून ठेवला तरी नीट परत येत नाही. आमच्याकडे टोमॅटो तेव्हापासून फ्रिजमध्ये जात नाही, ओट्यावर टोपलीत असतो, देठ खाली करून.

सनगोल्ड हायब्रीड आहे. त्याचं बी धरून पेरलं तर तोच टोमॅटो परत येत नाही, आई-बापाचे गुण सुटे होऊन प्रत्येक झाड वेगळं निघतं. म्हणूनच सगळे म्हणतात, त्याचं बी धरू नका. मला मात्र तेच हवं होतं आता. मी शेवटच्या घोसातले पाच पिकलेले दाणे एका वाटीत पिळले, दोन-तीन दिवस तसेच ठेवले, वर पांढरा पापुद्रा येतो आणि वास मारतो, पण त्यानं बियांवरचं ते बुळबुळीत आवरण सुटतं, ते राहिलं तर बी लवकर उगवत नाही. मग धुवून, स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवलं. कागदावर वाळवू नका, चिकटून बसतं. बाबांनी विचारलं राख कुठं मिळेल का. गॅसच्या घरात राख कुठली, शेवटी उदबत्तीची साठवून ठेवली होती ती दिली. त्यांनी स्वतः बोटानं घोळवलं.

पुढच्या थंडीत सात झाडं लावली. दोन स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिथं ऊन नाही, ती नुसती उंच झाली. पाच ग्रिलमध्ये. पहिलं केशरी, अगदी सनगोल्डसारखं पण साल जाड. दुसरं लाल आणि पाणचट, चवच नाही. तिसरं लाल, बोरापेक्षा लहान दाणे आणि भयंकर गोड, सगळ्यांत गोड तेच. चौथं शेंदरी, बोराएवढं, आणि कच्चं असताना देठापाशी गडद हिरवं. पाचव्याची पानं डिसेंबरमध्येच वर वळून आखडली, गावाकडं याला बोकड्या म्हणतात, पांढऱ्या माशीनं पसरणारा व्हायरस आहे, त्याला औषध नाही. मुळापासून उपटून पिशवीत बांधून टाकलं, नाहीतर बाकीचीही गेली असती. पिवळे चिकट सापळे मी आता रोपं लहान असतानाच लावते.

बाबांपुढे चार बशा ठेवल्या, कुठल्या झाडाचं काय ते न सांगता. मी मनातून तिसऱ्याच्या बाजूची होते. बाबांनी चारही खाल्ले, पाणी प्यायले, चौथी बशी जवळ ओढून घेतली आणि सगळी संपवली. त्यातलं बी तरी ठेवा म्हणून मला ओरडावं लागलं.

मग मीही चौथा परत खाल्ला. आधी आंबट येतो, दाताखाली फुटला की लगेच, आणि गोड त्याच्या मागून, सावकाश, आणि नंतर हाताला पानाचा तो उग्र हिरवा वास राहतो. तिसऱ्याचा एक दाणा छान लागायचा, पण दहा खाववायचे नाहीत. चौथ्याची वाटी कधी संपली कळत नाही.

पिकताना मी पाणी थोडं कमी करते, रोजच्याऐवजी दिवसाआड, पण ठरलेल्या वेळी. एकदम सुकवून मग भरपूर घातलं की साल फुटते. जपानमध्ये कुमामोतोकडे समुद्र हटवून केलेल्या खारट जमिनीत टोमॅटो पिकवतात, मीठ असल्यामुळे झाडाला पाणी कमी ओढता येतं, फळ लहान राहतं पण रस दाट आणि गोड होतो. हे वाचलं तेव्हा मला आमची मुलुंडची पूर्वेची मिठागरं आठवली. मीठ मी डब्यात घातलं नाही, फळावर घेतो तेवढंच बरं.

२०२३च्या जुलैमध्ये टोमॅटो दीडशेच्या वर गेला तेव्हा बिल्डिंगमधल्या कितीतरी जणींनी विचारलं, तुझ्या ग्रिलला आहेत ना, दे की चार. नव्हते. जुलैत माझ्या ग्रिलमध्ये रिकामे डबे असतात. तेव्हा मला फार जाणवलं की ज्या महिन्यात माझं एक झाड जगत नाही त्याच महिन्यात कोणीतरी जुन्नरला, नाशिकला पावसाशी, करप्याशी, नागअळीशी झगडून आपल्यासाठी टोमॅटो आणतं, आणि भाव पडला की तोच माल रस्त्यावर ओतायची वेळ त्याच्यावर येते. तो कमी पिकलेला का तोडतो, एकसारखा लाल का लावतो, हे मला आता समजतं. शेतातून दोनशे किलोमीटर क्रेटमधून यायचंय त्या फळाला. माझ्या फळाला ग्रिलपासून बाबांच्या खुर्चीपर्यंत जायचंय.

मार्चमध्ये पारा पस्तीसच्या वर गेला की फूल धरायचं थांबतं, असलेली फळंही नीट रंग घेत नाहीत, पिवळट राहतात, कारण तिशीच्या वर लाल रंग बनणं मंदावतं. तेव्हा झाड काढायचं. कच्च्या फळांची चटणी, भाजलेले तीळ आणि लसूण घालून, बाबांना भाकरीबरोबर लागते.

चौथ्या झाडाचं बी आता दरवर्षी धरते. अजून ते पक्कं झालेलं नाही, सहा-सात पिढ्या तरी जाव्या लागतात, दरवर्षी एखादं झाड वेगळं निघतंच, ते बाजूला करायचं आणि बाबांना आवडलेल्याचंच बी ठेवायचं. बाबांना आता नीट दिसत नाही, म्हणून देठाकडची बाजू मी त्यांच्या अंगठ्याखाली ठेवते आणि रंग सांगते. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या हातानं, थरथरत्या अक्षरात "बेलवांगी" लिहिलंय.

यंदा घटस्थापनेला बारा बिया टाकल्या. आज सहावा दिवस, नऊ वर आल्यात. कप बाबांच्या खुर्चीजवळच्या खिडकीत ठेवलाय आणि ते दर तासाला बोटानं माती ओली आहे का बघतायत.